जठराच्या दारातील खडा

'पित्त' या शब्दाला आपण मराठी माणसांनी फार राबवून घेतले आहे. जेवणानंतर घशाशी आंबट आले, तर पित्त वाढले. अंगावर गांधी उठल्या, तर पित्त उठले. डोके दुखून उलटी झाली, तर पित्त पडले आणि माणूस मोकळा झाला. एखादा गृहस्थ चटकन संतापत असला, तर तोही पित्तप्रकृतीचा. एकाच शब्दावर इतक्या कामांचा बोजा टाकला, म्हणजे त्यांपैकी एखादे काम बिघडल्यावाचून राहत नाही. आज ज्या आजाराविषयी आम्ही बोलणार आहोत, तो फार विरळा आहे. परंतु त्याच्याकडे जाणारी वाट विरळी नाही. ती आपल्यापैकी पुष्कळांच्या घरातून जाते, आणि 'काही नाही, थोडे पित्त झाले आहे' या वाक्यापाशी तिचा आरंभ होतो.

आम्ही वैद्य नव्हे आणि डॉक्टरही नव्हे. आमचा धंदा कामगार संघटनेचा. शाळा लवकर सुटली. पुढचे जे काही शिक्षण झाले ते सार्वजनिक ग्रंथालयात, आणि जाणत्या माणसांना प्रश्न विचारून. कामगारांच्या बायकामुलांबरोबर रुग्णालयाच्या बाकावर बसण्याचा प्रसंग मात्र आमच्यावर वारंवार येतो. डॉक्टरांनी पाच मिनिटांत सांगितलेले घरच्या माणसांना अर्ध्या तासात उलगडून सांगणे, हे काम तेथे आपोआप आमच्याकडे येते. तेच काम आज येथे करावयाचे आहे.

प्रथम खरे पित्त म्हणजे काय ते पाहू. घशाशी येते ते आंबट पाणी बहुतांशी जठरातले आम्ल असते. पित्त हा निराळा रस. तो हिरवट-पिवळा व कडू असून यकृतात तयार होतो, दिवसाला सुमारे अर्धा ते एक लिटर. तेल-तुपाचे बारीक कण करून ते पचनास योग्य करणे, हे त्याचे मुख्य काम. जेवण नसते त्या वेळी हा रस यकृताखाली लटकणाऱ्या एका लहान पिशवीत साठतो आणि आटून घट्ट होतो. ही पिशवी म्हणजे पित्ताशय. तिच्यात तीस ते पन्नास मिलिलिटर, म्हणजे टपरीवरच्या कटिंग चहापेक्षाही कमीच रस मावतो. स्निग्ध अन्न पोटात उतरले की पिशवी आकुंचन पावते आणि रस एका बारीक नळीतून ग्रहणीत येतो. जठर जेथे संपते तेथून लहान आतड्याचा जो पहिला भाग सुरू होतो, ती ग्रहणी. तिची लांबी सुमारे पंचवीस सेंटिमीटर. पाश्चात्त्य शरीरशास्त्रज्ञांनी तिला दिलेल्या नावात 'बारा' हा आकडा आहे, कारण बारा बोटे शेजारीशेजारी ठेवली तर तेवढी ती भरते.

पित्तरसातील घटकांचे प्रमाण बिघडले, किंवा पिशवी नीट रिकामी होईनाशी झाली, की त्यात खडे धरतात. बहुतेक खडे कोलेस्टेरॉलचे असतात, काही पित्तातील रंगद्रव्याचे. स्त्रियांत ते अधिक आढळतात. बाळंतपणे आणि स्त्रीदेहातील संप्रेरके यांचा त्यात वाटा आहे. वय वाढते तसे प्रमाणही वाढते. येथे एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. पित्ताशयात खडे असलेली बहुसंख्य माणसे त्यांचा काहीही त्रास न होता आयुष्य काढतात. दुसऱ्याच कारणासाठी सोनोग्राफी केली आणि खडे दिसले, एवढ्यावर कोणी हादरून जाऊ नये. अशा मुक्या खड्यांना डॉक्टर बहुधा हात लावत नाहीत.

खडा बोलू लागला, म्हणजे मात्र ऐकले पाहिजे. त्याची भाषा ठराविक आहे. पोटाच्या वरच्या भागात, मध्यभागी किंवा उजव्या बरगडीखाली कळ येते. पुष्कळदा जड जेवणानंतर किंवा रात्री. ती उजव्या खांद्याच्या फऱ्यापर्यंत पोहोचते. अर्ध्या तासापासून काही तासांपर्यंत टिकते आणि मग ओसरते. आंबट पाण्याची जळजळ अशी वागत नाही. बरोबर ताप किंवा कावीळ असेल, तर तो दिवस वाया घालवण्याचा नव्हे. आणि कळ छातीकडे सरकत असेल, तर आधी हृदयाचा आलेख काढून घ्यावा; पित्ताशय आणि हृदय यांच्या तक्रारी पुष्कळदा एकमेकींसारख्या दिसतात.

आपल्याकडे मात्र या कळेवर उपाय ठरलेले. आमसुलाचे सार, सोडा, दुकानातली गोळी. सोनोग्राफीत खडा दिसलाच, तर कोणी कुळथाचे पाणी सुचवतो, कोणी भरपूर पाणी पिऊन खडा पाडण्याची गोष्ट सांगतो. ही सारी गल्लत मुतखड्याशी झालेली असते. पाणी प्यायल्याने मूत्रमार्गातला बारीक खडा वाहून जाऊ शकतो. पण पित्ताशय त्या वाटेवर नाहीच. आणि पित्ताशयातला खडा खरोखरच खाली सरकला, तर तो मोठ्या पित्तनलिकेत अडकून कावीळ व्हावयाची भीती. म्हणजे पाडावयाला गेलो खडा आणि पाडून घेतले अंथरुणाला, अशी गत.

आता विरळ्या आजाराकडे वळू. पित्ताशयाच्या तोंडाशी मोठा खडा पुनःपुन्हा अडकत राहिला, म्हणजे पिशवी सुजते. सूज आली की शेजारचे अवयव तिला चिकटतात, आणि सर्वांत जवळचा शेजारी ग्रहणी. खड्याचा भार सतत एकाच जागी पडतो, तेथला रक्तपुरवठा मंदावतो, भिंत कुजते. पित्ताशयाची भिंत आणि तिला चिकटलेली ग्रहणीची भिंत अशा दोन्ही झिजून आरपार भोक पडते, आणि जो खडा नळीच्या अरुंद वाटेने कधीच गेला नसता तो या आडवाटेने आतड्यात उतरतो. योग्य मार्गाने सुटका न झालेली गोष्ट भिंत फोडून बाहेर पडते, हा अनुभव आमच्या धंद्यात नवा नाही. शरीरातही तो घडतो, हे वाचून आम्हांस नवल वाटले. आणखी फसवे असे की, भोक पडल्यावर कोंडलेला रस व पू आतड्यात वाहून जातो, त्यामुळे कित्येकदा दुखणे उलट कमी होते. घरची माणसे म्हणतात, बरे वाटू लागले.

आतड्यात आलेला खडा लहान असेल तर शौचावाटे निघून जातो आणि कोणाला पत्ताही लागत नाही. अडीच सेंटिमीटरहून मोठा, म्हणजे सुपारीएवढा किंवा त्याहून थोर असेल, तर तो अडकण्याचा संभव असतो. बहुधा तो खाली सरकत सरकत लहान आतड्याच्या शेवटच्या, सर्वांत अरुंद भागात रुततो. परंतु क्वचित तो खाली जातच नाही. ग्रहणीच्या आरंभीच, जठराच्या दाराशी बूच बसवावे तसा बसतो. जठरात गेलेले अन्न मग पुढे सरकत नाही. याच अवस्थेला 'बूव्हरे यांचा लक्षणसमूह' असे नाव आहे.

लेओं बूव्हरे हे फ्रान्समधील ल्यों शहरातले वैद्य. ज्यांनी कामगार चळवळीचा इतिहास चाळला आहे, त्यांना ल्यों हे नाव १८३१ आणि १८३४ सालच्या रेशीम विणकरांच्या उठावांमुळे माहीत असते. आमचाही त्या शहराशी परिचय तेथूनच झाला. त्याच शहरात पुढे बूव्हरे यांनी रुग्ण तपासले. हृदय एकाएकी अतिवेगाने धावू लागण्याच्या विकाराचे वर्णन त्यांनी १८८९ मध्ये केले आणि जठराच्या रोगांवर मोठा ग्रंथ लिहिला. १८९६ मध्ये त्यांनी असे दोन रुग्ण प्रसिद्ध केले, ज्यांच्या जठराचे दार पित्ताशयातून आलेल्या खड्याने बंद झाले होते. बोसिए नावाच्या दुसऱ्या एका फ्रेंच लेखकाने १७७० मध्येच असा प्रकार नोंदवला होता. परंतु रोगाचे चित्र रेखाटून दिले ते बूव्हरे यांनी. या वेळची साधनेही ध्यानात घ्यावीत. रोंटगेन यांना क्ष-किरणांचा शोध लागला तो १८९५ च्या नोव्हेंबरात. म्हणजे बूव्हरे यांच्यापाशी खरे साधन होते ते हात, कान आणि रुग्णाचे बोलणे शेवटपर्यंत ऐकण्याची सवय.

हा आजार किती विरळा, याचा हिशेब मांडता येतो. पित्ताशयात खडे असलेल्या हजार माणसांत आतड्यात खडा अडकण्याचा प्रकार तीन ते पाच जणांत घडतो असे ग्रंथकार सांगतात. त्या अडकलेल्यांपैकी शंभरात एक ते तीन खडे जठराच्या दाराशी असतात. म्हणजे खडे असलेल्या एक लाख माणसांमागे तीन ते पंधरा रुग्ण. २००६ मध्ये जगभरच्या १२८ प्रसिद्ध रुग्णांचा आढावा घेण्यात आला. त्यांचे सरासरी वय ७४ होते आणि शंभरात ६५ स्त्रिया होत्या. मळमळ व उलट्या शंभरात ८६ जणांना, पोटदुखी ७१ जणांना आणि रक्ताची उलटी १५ जणांना झालेली होती.

या आकड्यांतून जे चित्र उभे राहते ते आपल्या घरातल्या आजीचे आहे. आजीला दोन दिवस उलट्या होत आहेत. सकाळी घेतलेली पेज संध्याकाळी तशीच बाहेर पडते. पोट वरच्या बाजूला फुगलेले. घरात काय बोलले जाते? वय झाले, उन्हाची बाधली, काही शिळे खाल्ले असेल. आजीही तेच म्हणते, कारण आपल्यापायी कोणाचा खोळंबा होऊ नये हे तिने आयुष्यभर पाळलेले असते. इकडे प्रत्येक उलटीबरोबर शरीरातले पाणी, आम्ल आणि क्षार निघून जात असतात. रक्तातले पोटॅशियम उतरते, स्नायू ढिले पडतात, हृदयाच्या ठोक्यांची लय बिघडू शकते. खडा एका जागी बसलेला असतो. जीव धोक्यात आणण्यास तो जितका कारण, तितकेच हे वाया गेलेले दोन-चार दिवस कारण होतात.

रुग्णालयात निदान कसे होते, तेही समजून घेणे मनोरंजक आहे. रिग्लर या क्ष-किरणतज्ज्ञाने आपल्या सहकाऱ्यांसह १९४१ मध्ये चित्रातील प्रमुख खुणा सांगितल्या. वाट अडल्यामुळे तिच्या वरचा भाग फुगलेला. खडा पित्ताशयात न दिसता भलत्याच जागी. आणि पित्तनलिकांत हवा. ही तिसरी खूण विचार करण्याजोगी आहे. पित्तनलिकांत हवेचे काय काम? पण ज्या भोकातून खडा आतड्यात आला त्याच भोकातून आतड्यातली हवा उलट वर चढते. चोर ज्या भगदाडातून पळाला ते भगदाड वारा दाखवून देतो. पूर्वी या तिन्ही खुणा साध्या क्ष-किरण चित्रात एकत्र क्वचित सापडत, कारण बहुतेक पित्तखडे त्यात उमटतच नाहीत. सी. टी. स्कॅनने हे काम पुष्कळ सोपे केले आहे. तोंडावाटे दुर्बीण घालून पाहिले तर अडथळा दिसतो. परंतु खडा सुजेत बुडालेला असला तर तो तेथेही प्रत्येक वेळी ओळखू येत नाही.

उपचारांचा क्रम ठरलेला आहे. आधी नाकातून नळी घालून तुंबलेले जठर रिकामे करावयाचे, आणि शिरेतून पाणी व क्षार देऊन शरीराची तूट भरून काढावयाची. घरची माणसे येथे अधीर होतात. 'खडा दिसला ना, मग शस्त्रक्रिया का करीत नाहीत?' असे आम्हांलाच विचारतात. पण कोरड्या पडलेल्या, क्षार उतरलेल्या म्हाताऱ्या देहाला लगेच भूल देणे हे धोक्याचे. ते काही तास फुकट गेलेले नसतात. त्यानंतर दुर्बिणीतून प्रयत्न होतो. खडा जाळीत पकडून वर काढावयाचा, किंवा लेसरसारख्या साधनाने फोडावयाचा. १९८५ मध्ये दुर्बिणीतून असा खडा यशस्वीपणे काढल्याचा वृत्तांत प्रसिद्ध झाला आणि तेव्हापासून ही वाट खुली झाली. तरी मोठा, टणक खडा पुष्कळदा दाद देत नाही; आणि फुटलेला तुकडा खाली जाऊन आतड्याच्या अरुंद भागात पुन्हा अडकू शकतो.

मग उरते शस्त्रक्रिया. शक्य असेल तर शल्यवैद्य खडा मागे ढकलून जठरात आणतात आणि सुजलेल्या ग्रहणीला न कापता जठराच्या निरोगी भिंतीतून तो बाहेर काढतात. येथे एक मोठा प्रश्न उभा राहतो. पोट उघडलेच आहे, तर त्याच बैठकीत पित्ताशय काढून भोकही शिवून टाकावे, की केवळ वाट मोकळी करून थांबावे? आतड्यात अडकलेल्या पित्तखड्यांच्या १,००१ रुग्णांचा आढावा १९९४ मध्ये प्रसिद्ध झाला. सर्व कामे एकदम केलेल्यांत शंभरात सुमारे १७ दगावले होते. केवळ खडा काढून थांबलेल्यांत सुमारे १२. या आकड्यांनी वाद मिटला नाही, कारण प्रत्येक रुग्णाची ताकद निराळी, आणि धट्टाकट्टा रुग्ण सर्व कामे एकदम सोसूही शकतो. परंतु थकलेल्या, वृद्ध रुग्णात आधी जीव वाचवावा आणि बाकीचे काम पुढे पाहावे, या मताकडे पुष्कळांचा कल आहे. भोक कित्येकदा आपोआप मिटते, असाही अनुभव आहे. सर्व मागण्या एकाच बैठकीत पदरात पाडून घेण्याचा मोह कोठे आवरावा, हे ज्याला कळते तोच खरा जाणता, एवढे आम्ही आमच्या अनुभवावरून यास जोडू.

या आजारात पूर्वी सुमारे एक तृतीयांश रुग्ण दगावत. अलीकडच्या आढाव्यांत हे प्रमाण शंभरात बाराच्या आसपास आले आहे. तरीही बारा हा आकडा लहान नव्हे. आणि तो कमी करावयाचा खरा उपाय शस्त्रक्रियागृहात नाही. तो कित्येक वर्षे आधीच्या पहिल्या कळेपाशी आहे.

आमच्या परिचयाच्या एका यंत्रमाग कामगाराच्या आईने अशा कळा चौदा वर्षे अंगावर काढल्या. डॉक्टरांकडे जावयाचे तर मुलाने पाळी बुडवून बरोबर यावयाचे, म्हणजे त्या दिवसाची मजुरी गेली. मुलाचे खाडे वाचावेत म्हणून तिने आपले खडे सांभाळले. अखेर ताप भरला तेव्हा सून हट्टाने तिला घेऊन गेली. पित्ताशय काढले, आत सुपारीएवढा एक खडा निघाला. पिशवी आतड्याला घट्ट चिकटलेली होती. 'भोक पडावयाचे तेवढे राहिले होते,' असे शल्यवैद्य म्हणाले. म्हातारी चार दिवसांनी घरी आली आणि पहिला प्रश्न तिने विचारला तो मुलाच्या बुडालेल्या पाळ्यांचा.

वास्तविक या शस्त्रक्रियेची भीती बाळगण्याचे दिवस मागे पडले आहेत. लांगेनबुख यांनी बर्लिनमध्ये पहिले पित्ताशय काढले ते १८८२ मध्ये. पोटाला लहान छिद्रे पाडून दुर्बिणीच्या साहाय्याने ते काढण्याची रीत जर्मनीत म्यूहे यांनी १९८५ मध्ये आणि फ्रान्समध्ये मूरे यांनी १९८७ मध्ये सुरू केली. हे मूरे पुन्हा त्याच ल्यों शहरातले. आणि १९९० मध्ये मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात डॉ. तेहेमटन उडवाडिया यांनी भारतातील अशी पहिली शस्त्रक्रिया केली. परदेशात रीत निघाल्यावर अवघ्या पाच वर्षांच्या आत ती आपल्या एका सरकारी रुग्णालयात, गरिबांच्या खाटेपर्यंत आली, ही गोष्ट अभिमानाने सांगण्यासारखी आहे. आज या रीतीने शस्त्रक्रिया झालेला माणूस बहुधा एक-दोन दिवसांत घरी जातो.

मग अडते कोठे? अडते ते रजेत, मजुरीत आणि संकोचात. कामगार राज्य विमा योजनेत नोंद असलेल्या कामगाराला आजारपणात, वर्गणीचे दिवस भरलेले असल्यास, सरासरी मजुरीच्या ७० टक्के रक्कम वर्षातून ९१ दिवसांपर्यंत मिळते, आणि त्याच्या कुटुंबाला औषधोपचार मिळतो. हे हक्क ज्यांचे आहेत त्यांनाच पुष्कळदा ते ठाऊक नसतात. ज्यांची कोठेच नोंद नाही त्यांची कथा याहून कठीण. आणि घरातल्या स्त्रीच्या कामाला तर रजेचा अर्जच नाही. तिची कळ रात्री येते आणि सकाळी चूल पेटण्याच्या आत तिला ती विसरावी लागते.

श्रोते हो, बूव्हरे यांचे नाव आपल्या ध्यानात राहिले नाही तरी हरकत नाही. दोन गोष्टी मात्र घरी न्याव्यात. जेवणानंतर बरगडीखाली कळ येऊन खांद्याकडे जात असेल आणि ती पुनःपुन्हा येत असेल, तर तिला पित्त म्हणून गप्प बसवू नये. एक सोनोग्राफी करून घ्यावी आणि पुढे काय करावयाचे ते डॉक्टरांशी बोलून ठरवावे. आणि घरातल्या वृद्ध माणसाच्या पोटात पाणीही ठरेनासे झाले, खाल्लेले तासांमागून तास तसेच उलटून पडू लागले, तर दुसऱ्या दिवसाची वाट पाहू नये. रुग्णालयात गेल्यावर, पूर्वी पित्ताशयाचा त्रास होता किंवा खडे दिसले होते, हे डॉक्टरांनी विचारण्याआधीच सांगावे. हे सांगावयाला पैसा लागत नाही, आणि डॉक्टरांचा अर्धा शोध त्या एका वाक्याने वाचतो.